दार वाजवायचं नाही

आक्का,

तुझ्या घराला कुलूप लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं. चार पावलं गेले, परत आले आणि चौथ्यांदा ओढलं. तू असतीस तर ओट्यावर बसूनच म्हणाली असतीस, "हन्ना, त्या कुलपाला कळतं गं आपण बंद झालो ते." तुझा लेक शलोम मुंबईला परत गेला तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. बरोबरच केलं त्यानं. सगळ्या जालन्यात माझ्याइतकी शंकेखोर बाई दुसरी नाही, हे तूच ज्याला त्याला सांगत होतीस.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. परवा दारफाळणीचा सण. शिकलेली पोरं आता किप्पूर म्हणतात, पण तू शेवटपर्यंत जुनंच नाव घेतलंस. त्या दिवशी आपण सूर्य बुडताना दार लावायचं, दुसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्याला शिवायचं नाही आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागायची. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा हे सगळं तूच मला समजावून सांगितलं होतंस, कारण माझी सासू कोकणातच राहिली होती. आणखी एक सांगितलं होतंस. दार लावायच्या आदल्या दिवशी आपले गेलेले लोक घरी येतात आणि सण उलटला की परत जातात. मी तेव्हा विचारलं होतं, "येतात ते आपलेच कशावरून?" तू इतकी हसलीस की तुझ्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडले.

तर उद्या तू येशील. आलीस की बोलायचं ते आत्ताच कागदावर मांडून ठेवते, कारण तू समोर असलीस की माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. मी तुझ्यावर रागावले आहे, आक्का. तू गेलीस म्हणून रडते आहे आणि रागावलेही आहे. दोन्ही एकदम चाललं आहे.

आपण बेने इस्राएल जालन्यात मोजून पाच घरं. सगळे अलिबाग-पेणकडचे, कुणी रेल्वेच्या नोकरीपायी आलेले, कुणी छावणीच्या दवाखान्यात. माझे हे, दाविद, गाडीवर गार्ड. तुझे यजमान हसाजीकाका स्टेशनात तारबाबू, आणि आपल्या प्रार्थना म्हणणारेही तेच. तुझी पुढची खोली हीच आपली प्रार्थनेची जागा. तिथं छताला काचेचा दिवा टांगलेला, फळीवर पुस्तकं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आपल्यात तर सातच, म्हणून सणाला औरंगाबादहून दोघं-तिघं गाडीनं यायचे. आजूबाजूच्यांना आपण यहुदी म्हणजे कोण ते नीटसं कधी कळलंच नाही. कुणी मुसलमान समजायचे, कुणी किरिस्ताव, आणि आपण मराठी बोलतो म्हणून कुणी आपल्याला चुकार ब्राह्मणसुद्धा म्हणून गेलं. तुला त्याची मजा वाटायची. मला मात्र आपल्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत चौकशी दिसायची.

आणि मग सोनाबाई. आपल्या ओळीच्या मागे धनगरांची आठ-दहा घरं आहेत, तिथली. तिच्या बकऱ्यांचं दूध पाचही घरांना. शनिवारी आपण विस्तव पेटवत नाही, तर ती सकाळी येऊन प्रत्येकीची चूल पेटवायची, चहाचं आधण ठेवायची आणि न बोलता पुढच्या घरी जायची. "तुमच्या द्येवानं माझ्यासाठी बरं काम ठिवलं," म्हणायची. मी तिला आवडत होते असं नाही, आणि मलाही ती फारशी आवडत नव्हती. दूध घेताना मी भांड्यात बोट बुडवून पाणी किती ते बघायची. ती ते बघायची आणि काही म्हणायची नाही.

सात वर्षांपूर्वीचं ते साल तुला मी काय सांगू. पाऊस संपता संपता पटकी आली. जुन्या जालन्यातून रोज तिरड्या कुंडलिका नदीकडे निघत होत्या. आपल्या पाच घरांत कुणी दगावलं नाही. तू आम्हाला पाणी उकळून प्यायला लावलंस, हसाजीकाका दवाखान्यातनं औषधाची पुडी आणून आडात टाकायचे. पण लोकांना दिसलं ते एवढंच, की यांच्यात कुणी मरत नाही. त्यात आपला सण आला. हे लोक पांढरे कपडे घालून दार लावून बसतात, आत मंत्र म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण म्हणून गोरगरिबांना अन्न वाटतात. त्या अन्नातूनच रोग देतात. हे कुणी पहिल्यांदा काढलं ते मला अजून कळलेलं नाही. आपलं खाऊन हात धुतलेलं कुणीतरी असणार, असं मी तेव्हा म्हणाले. आदल्या दिवशी मीही आडावर गेले होते. त्याचं पुढे सांगते.

दुपार कलंडली होती. खोलीत दहा पुरुष उभे, बायका आपण मागच्या भिंतीला. सगळ्यांचे ओठ कोरडे पडलेले, हसाजीकाकांचा आवाज बसलेला, आणि तरी सगळे मिळून इतक्या जोरानं म्हणत होते की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पहिला दगड कौलावर पडला. दुसऱ्यानं दिवा फुटला. दरवाजाच्या चौकटीवर ठोकलेली मझुझा, ती प्रार्थनेच्या चिठ्ठीची डबी, कुणीतरी बाहेरून पहारीनं उचकटत होतं, तो करकर आवाज आला तेव्हा मला कळलं की हे दगड पोरांचे नाहीत. तू खिडकी लावायला गेलीस. मी तुला हाक मारली का? सात वर्षं मी हेच आठवते आहे. मारली असं मला वाटतं, पण खात्रीनं सांगता येत नाही.

दगड तुझ्या डाव्या डोळ्याला लागला. तू ओरडली नाहीस, फक्त खाली बसलीस. दार उघडायचं की नाही यावर आत पुरुषांची हमरीतुमरी झाली. एक म्हणे उघडू नका, एक म्हणे बाई मरते आहे. शेवटी दाविदनं अडसर काढला. बाहेर कोणी नव्हतं. तोंडाला उपरणी बांधलेले लोक पळाले होते, दारात मझुझेतली चिठ्ठी पडलेली होती. आणि उंबऱ्यावर सोनाबाई होती.

ती सरळ आत आली. पदर टराटरा फाडला आणि तुझ्या डोळ्यावर दाबला. मी काय म्हणाले ते तुला आठवतं. मी म्हणाले, "शिवू नकोस तिला, आज शिवायचं नाही." तुझ्या तोंडावर रक्त होतं आणि मला शिवाशिव सुचली. तू उजवा डोळा उघडून माझ्याकडे पाहिलंस आणि सोनाबाईचा हात तुझ्याच हातानं आणखी घट्ट दाबून धरलास.

त्या क्षणीच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण हाकही मारली नव्हती. ती इतक्या लवकर आली कशी?

त्या संध्याकाळी निजामाच्या पोलिसांचा अमीन दोन जवान घेऊन आला. त्यानं ओट्यावर बसून उर्दूत पंचनामा लिहिला. गुन्हेगारांच्या जागी 'नामालूम' असा शब्द घातला, पान खाल्लं आणि गेला. मी मात्र तो शब्द मानला नाही. नामालूम कसे? आज कोणी बाहेर येणार नाही, दहाच्या दहा पुरुष एकाच खोलीत असतील, हे बाहेरच्याला कसं कळलं? आतलं कुणीतरी फुटलं होतं. आतलं म्हणजे आत येणारं. आणि आपल्या घरात येणारं असं एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. डोळ्याला फडकं बांधून तू पहाटे उठलीस आणि पोहे भिजत घातलेस. मी तुझ्या हातातलं पातेलं धरलं. "आक्का, ज्यांनी डोळा फोडला त्यांच्यासाठी मलिदा करतेस?" तू म्हणालीस, "दरवर्षी करते तसा करते आहे. खोबरं किस." मी म्हणाले, "कोणी घेणार नाही. विष म्हणतील." तू म्हणालीस, "मग आपण खाऊ. तू किस तर खरं." आपलं सगळ्यात मोठं भांडण तेच, आणि ते आपण खोबरं किसता किसता केलं. मी तुला भित्री म्हणाले. त्यांचे पाय धरते आहेस असंही म्हणाले. तू एका डोळ्यानं वेलची सोलत होतीस.

ओट्यावर परात मांडलीस तेव्हा ओळीत चिटपाखरू नव्हतं. दारं किलकिली होऊन पुन्हा लागत होती. दरवर्षी येणारी आंधळी म्हातारीसुद्धा समोरून काठी टेकत निघून गेली. बऱ्याच वेळानं सोनाबाई आली. तिनं ओंजळ पुढं केली, तू मलिदा घातलास, आणि ती घरी न नेता तिथंच, गल्लीच्या मधोमध उभं राहून, सगळ्या बंद दारांच्या समोर सावकाश खाऊन गेली. शेवटी हातही चाटला. "गोड जरा कमी हाय," म्हणाली. मग दोन पोरं आली, मग एक म्हातारा. दुपारपर्यंत परात अर्धी झाली.

मी दारामागून बघत होते आणि काय विचार केला माहीत आहे? की हिला भीती कशी वाटत नाही? म्हणजे ती अफवा खोटी आहे हे हिला आधीपासून पक्कं माहीत असलं पाहिजे. म्हणजे अफवा कुणाची तेही माहीत असलं पाहिजे. माझं डोकं असंच चालतं, आक्का. चांगल्या गोष्टीतूनही मला एक काळा धागा ओढून काढता येतो.

हसाजीकाकांनी स्टेशनातून कुणाला काय कळवलं मला माहीत नाही, पण पुढच्या शुक्रवारी गाडीतून आपले लोक उतरायला लागले. मनमाडचे, औरंगाबादचे, परभणीचे, नांदेडचे. कुणी रजा काढून, कुणी ड्यूटी बदलून. लाइनवर इतके बेने इस्राएल आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मनमाडच्या फिटरनं दिव्यासाठी काच आणली, वाटेत फुटू नये म्हणून बायकोच्या लुगड्यात गुंडाळून, सगळी वाट मांडीवर धरून. परभणीहून एक सुतार आला, त्यानं चौकट दुरुस्त केली आणि तू म्हणालीस म्हणून पहारीचा व्रण तसाच ठेवून त्याच्यावरच नवी मझुझा ठोकली. छावणीच्या दवाखान्यातली नर्स, आपलीच रिबका, रोज दोनदा तुझा डोळा धुवायची. डोळा वाचणार नाही हे तिनं पहिल्यांदा मला सांगितलं आणि मी ते तुला सांगायच्या आधीच तू मला म्हणालीस, "एक आहे ना अजून."

त्या शनिवारी दहा पुरुष हवे होते, तिथं एकतीस झाले. खोलीत मावेनात, ओट्यावर उभे राहिले, गल्लीत उभे राहिले, आणि दार सताड उघडं ठेवून म्हटली प्रार्थना. मी बायकांत उभी होते आणि मला रडू फुटलं. आपण पाचच घरं आहोत असं मी धरून चालले होते. ते लोक दहा दिवस राहिले. पुरुष पाळीपाळीनं ओट्यावर बसायचे, बायका आपल्याकडची चूल सांभाळायच्या. एकीनं तुझं अंगण सारवलं ते तुझ्यापेक्षा चांगलं सारवलं, आणि तू दोन दिवस त्यावरच बोलत होतीस. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून आपल्या पैगंबराच्या, एलियाहू हन्नाबीच्या, नावानं मलिदा केला. तेव्हा कुणीतरी विषय काढला, मुंबईला चला म्हणून. मी तर पेटी भरायला तयार होते. तू म्हणालीस, "मी गेले तर या खोलीत कोण दिवा लावणार?" आणि विषय तिथंच संपला.

तेव्हाही मी काय करत होते? आलेल्या माणसांनी दूध कुणाकडून घेतलं ते बघत होते. सोनाबाईच्या हातचा चहा कोण पितं ते बघत होते. माझी चूल मी तिला बंद केली. सात वर्षं, दर शनिवारी, आमच्या घरात शुक्रवारची थंड भाकरी आणि थंड पाणी. दाविद आधी समजुतीनं बोलला, मग चिडला, मग शनिवारी सकाळी तुझ्याकडे चहाला जायला लागला. तू त्याला पाजायचीस आणि मला काही म्हणायची नाहीस.

तो दगड मी ठेवून घेतला होता, तुझ्या डोळ्याला लागलेला. फडक्यात बांधून पेटीत. गिरणीवाला आपल्या भिंतीतनं दगड काढतो का, टांगेवाल्याच्या अंगणात असे दगड आहेत का, ओळीच्या टोकाला राहणारा मास्तर मला बघून दुसऱ्या बाजूनं का जातो, सगळं मी टिपून ठेवत होते. एक दिवस तू तो दगड मागितलास. मला वाटलं, आता तू बोलणार. तू तो नेलास आणि पुढच्या दाराला लावलास, वाऱ्यानं दार आपटतं म्हणून. मी म्हणाले, "आक्का, हा पुरावा आहे." तू म्हणालीस, "जालन्यातले सगळे दगड असेच काळे आहेत गं. कुणाकुणाला विचारशील?"

मी त्या दिवशी तुला सरळच विचारलं. "तुला माहीत आहे ना कोणी सांगितलं त्यांना?" तू गप्प राहिलीस. तू कधी खोटं बोलत नव्हतीस, त्यामुळे तुझं गप्प राहणं मला पुरलं. तुला माहीत आहे, आणि तू कुणाला तरी पाठीशी घालते आहेस. ते कोण, हेही मी ठरवून टाकलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तू विषय बदललास. कधी लोणच्याचा, कधी माझ्या पोरींच्या अभ्यासाचा. ताकास तूर लागू दिली नाहीस.

शेवटच्या तापात तू माझा हात धरलास. "हन्ना, सोनाबाईला आत घे." मी म्हणाले, "बघू." तू डोळा मिटलास. मी तुला शेवटचं बोलले ते 'बघू'. यापेक्षा कोरडं काही बोलता आलं असतं असं वाटत नाही.

सुतकाचे सात दिवस आम्ही तुझ्या खोलीत चटईवर बसलो. दिवा आणि पाण्याचा पेला ठेवला होता. सातव्या दिवशी सकाळी सोनाबाई आली. ती रोज येत होती, दारात दूध ठेवून जात होती, पण त्या दिवशी उंबऱ्यावर टेकली. म्हातारी झाली आहे आता, गुडघे धरून बसली. खोलीत मी एकटीच होते. शलोम सामान बांधत आत होता.

ती म्हणाली, "आक्का माझ्याकडनं लई वर्सं एक गोष्ट झाकून घेत व्हती. आता ती न्हाई. मंग मी कुणासाठी झाकू?"

मी म्हणाले, "बोल." मला वाटलं, कबूल करते आहे. सात वर्षांनी माझं खरं ठरत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी बरं वाटलं.

"त्या साली सणाच्या आदल्या दिशी तुमी आडावर आल्त्या," ती म्हणाली. "समद्या बाया व्हत्या. गिरणीवाल्याची, टांगेवाल्याची, समद्या. तुमी मोठ्यानं सांगितलं, उद्या सांजेपासून परवा सांजेपतुर आमची दारं बंद. कुणी विस्तव मागायला यायचं न्हाई, ताक मागायला यायचं न्हाई. समदे गडी आक्काच्या खोलीत असतील, आतनं कुणी ओ देनार न्हाई. काई झालं तरी दार वाजवायचं न्हाई."

आक्का, मी हे सगळं सांगितलं होतं. शब्दाला शब्द तोच. आदल्या वर्षी त्याच दिवशी अंगणातला एक तांब्या गेला होता, म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. कुणाच्या मनात काही येऊ नये म्हणून मी सगळ्यांच्या कानावर घातलं. मला ते कधी आठवलंच नाही असं नाही. आठवत होतं. त्यात आठवण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं, एवढंच. मी आपलं घर राखत होते.

"तुमची दारं लागली त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी आमच्या आळीत बोलणं चाललं व्हतं," सोनाबाई पुढं म्हणाली. "काई तरी वंगाळ करनार म्हनून कळलं. मी जल्दी जल्दी आले सांगायला. दारात उभी राह्यले. पन तुमी सांगितल्तं, काई झालं तरी वाजवायचं न्हाई. तुमचा द्येवाचा दिस. मी वाजवलं न्हाई. पायरीवर बसून राह्यले सकाळपासून. ते आले तवा मी लई वरडले. तुमच्या आत मोठ्यानं चाललं व्हतं, कुणाला ऐकू गेलं न्हाई."

मी विचारलं, "आक्काला कधी सांगितलंस?"

"त्याच हप्त्यात. आक्कानं मला शप्पथ घातली. म्हनली, हन्नाला कळू द्यायचं न्हाई. तिला ते लई जड जाईल. ती आधीच सोताला खाते." मग म्हणाली, "म्या म्हनलं, पन ती माझ्यावर शक करती. आक्का म्हनली, करू दे, तू घट हाईस."

ती उठून गेली. शलोमनं येऊन विचारलं, मावशी, बरं नाही का. मी म्हणाले, पाणी दे.

आता माझा राग ऐक. दगड मारणाऱ्यानं मारला, पहार लावणाऱ्यानं लावली, ते पाप त्यांचंच, आणि ते 'नामालूम' राहिले तरी त्यांचंच. तू असतीस तर पहिल्यांदा हेच म्हणाली असतीस. मला पटतं. पण दार कधी बंद असणार आणि आत कोण कोण असणार, हे मी आडावर उभं राहून वाचून दाखवलं. जी एक बाई सावध करायला आली, तिचा हात मीच दारापासून परतवला होता. त्यात तुझा डोळा गेला. आणि तू एका डोळ्यानं सात वर्षं सुईत दोरा ओवत बसलीस, मला मागायचीस, "हन्ना, ओवून दे गं," आणि मी ओवून देताना सोनाबाईच्या नावानं बोटं मोडायची. तू ऐकून घ्यायचीस. तुला त्यात काय मिळत होतं? मला जपलंस, कबूल. पण दर वर्षी या सणाला तू माझ्यासमोर उभी होतीस, आपण एकमेकींची माफी मागतच होतो, चुलीवरच्या राखेची, उसन्या पिठाची. ती एक खरी माफी मागायची संधी तू मला दिली नाहीस. माझ्याइतकाच तूही माझ्यावर संशय घेतलास, आक्का, की हिला झेपणार नाही. झेपलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. पण विचारायला हवं होतंस.

हसाजीकाका असताना एकदा म्हणाले होते, की जिवंत माणसाची माफी दारात जाऊन मागता येते, पण माणूस गेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. मी मनमाडला, औरंगाबादला, परभणीला पत्रं टाकली. कशासाठी ते लिहिलं नाही, आक्कासाठी या, एवढंच. फिटरचं उत्तर आलं, येतो, आणि काच धड आहे का विचारलं आहे. सण आटोपला की सगळ्यांना घेऊन मी तुझ्याकडे येते आहे. दहा पुरुषांसमोर एका बाईनं असं बोलायचं असतं का, हे मला माहीत नाही. मी बोलणार आहे.

सोनाबाईचं मात्र थांबवून ठेवता येईना. ती जिवंत आहे. आज सकाळी मी तिच्या अंगणात गेले. सात वर्षांत पहिल्यांदा. ती बकरी धूत होती. वाटेत मी चारदा विचार केला की हे सगळं तिनं रचून सांगितलं नसेल कशावरून, आणि चारही वेळा मला आडावरचा माझाच आवाज ऐकू आला. मी म्हणाले, "सोनाबाई, माझी चूक झाली. तुझ्यावर घेतला तो संशय खोटा होता. मला माफ कर." तिनं हात पुसले. म्हणाली, "मंग शनिवारी येऊ का चूल पेटवायला?" मी म्हणाले, "ये." तिनं दूध घातलं. माझं बोट आपोआप भांड्याकडे गेलं, मी मागं घेतलं, आणि ती हसली. पाणी होतंच थोडं, रंगावरून कळत होतं.

मी निघाले आणि तिच्या कुंपणापाशी थांबले. परवाचं सांगायचं राहिलं होतं.

"परवा सांजेपासून आमची दारं बंद," मी म्हणाले. "तेरवा सांजेला उघडतील. शिळ्या सणाला मलिदा घ्यायला ये, यंदा गोड बेताचं घालीन."

ती म्हणाली, "बरं."

"आणि सोनाबाई, काही झालं तर दार वाजव."